उतारवयातील सोरायसिस : उपचार कसा निवडावा?

दिवाळीच्या सुमारास हवा कोरडी होऊ लागते आणि ज्यांना सोरायसिस आहे त्यांच्या कोपरांवरचे, गुडघ्यांवरचे चट्टे पुन्हा डोके वर काढतात. सकाळी अंथरूण झटकताना पांढऱ्या पापुद्र्यांचा सडा पडतो. पाहुणे येणार म्हणून उकाड्यातही पूर्ण बाह्यांचा सदरा घातला जातो. नातवंडाला मांडीवर घ्यावे की नाही, असा प्रश्न घरातील वडीलधाऱ्यांच्या मनात उभा राहतो. याच दिवसांत, २९ ऑक्टोबर रोजी, जागतिक सोरायसिस दिन पाळला जातो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये ठराव करून या आजाराची गंभीर दखल घेतली, हेही आपल्याला ठाऊक असावे.

सोरायसिसवर आज अनेक उपचार उपलब्ध आहेत. परंतु तिशीतल्या रुग्णाला जे औषध सहज मानवते, ते सत्तरीतल्या रुग्णाला मानवेलच असे नाही. मूत्रपिंडाची क्षमता वयोमानाने कमी झालेली असते, त्वचा पातळ झालेली असते, रक्तदाबाच्या, मधुमेहाच्या, हृदयाच्या गोळ्या आधीच सुरू असतात आणि स्वतःच्या पाठीपर्यंत हात पोहोचत नाही. म्हणून उतारवयात ‘सर्वांत प्रभावी औषध कोणते?’ यापेक्षा ‘या व्यक्तीला सुरक्षितपणे आणि नियमितपणे घेता येईल असे औषध कोणते?’ हा प्रश्न अधिक महत्त्वाचा ठरतो. पुढील विवेचन त्याच दृष्टीने केले आहे.

आजाराचे स्वरूप

निरोगी त्वचेच्या खालच्या थरात जन्मलेली पेशी पृष्ठभागावर येऊन गळून पडायला साधारणपणे महिनाभर लागतो. सोरायसिसमध्ये शरीराची प्रतिकारयंत्रणा अकारण चेतवली जाते आणि हाच प्रवास अवघ्या तीन ते पाच दिवसांत उरकतो. पेशी परिपक्व होण्यापूर्वीच वर येऊन साचतात. त्यांचेच चंदेरी पापुद्रे बनतात, तर खालच्या दाहामुळे त्वचा लालसर दिसते. सावळ्या कांतीवर हा रंग लालऐवजी जांभळट किंवा करडा दिसू शकतो.

आजाराचे मूळ प्रतिकारयंत्रणेत असल्यामुळे तो स्पर्शाने, कपड्यांतून, ताटवाटीतून किंवा एका अंथरुणावर झोपल्याने कोणालाही लागत नाही. आनुवंशिक प्रवृत्ती असू शकते. संसर्ग मात्र मुळीच नाही. आपल्याकडे या बाबतीत मोठा गोंधळ झाला तो शब्दांमुळे. आयुर्वेदाच्या प्राचीन ग्रंथांत ‘कुष्ठ’ ही व्यापक संज्ञा असून तिच्याखाली अठरा प्रकारचे त्वचाविकार येतात. पुढे व्यवहारात ‘कुष्ठरोग’ म्हणजे महारोग, असे समीकरण रूढ झाले आणि कोणत्याही जुनाट चट्ट्याकडे संशयाने पाहण्याची सवय जडली. सोरायसिसचा कुष्ठरोगाशी काहीही संबंध नाही. आजोबांनी नातवंडाला खुशाल मांडीवर घ्यावे.

प्रथम निदान पक्के करा

डोक्यातील सोरायसिसला कोंडा समजले जाते, जांघेतल्या चट्ट्याला नायटा, तर तळपायाच्या भेगांना निव्वळ कोरडेपणा. मग औषधाच्या दुकानातून परस्पर मलम आणले जाते. अशा अनेक मलमांत तीव्र स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि जंतुनाशक यांचे मिश्रण असते. चार दिवस बरे वाटते. परंतु चट्ट्याचे मूळ रूपच बदलून जाते आणि नंतर तज्ज्ञालाही निदान करणे अवघड होते. त्वचारोगतज्ज्ञ चट्ट्यांबरोबर नखे, टाळू, कानामागची त्वचा, बेंबी आणि माकडहाडाचा भागही तपासतात. शंका उरली तर त्वचेचा लहानसा तुकडा काढून तपासणीला पाठवतात.

सांध्यांविषयी डॉक्टरांना आपण होऊन सांगावे. सोरायसिसच्या काही रुग्णांना त्याच्याशी निगडित संधिवात होतो. सकाळी उठल्यावर अर्ध्या तासाहून अधिक काळ सांधे आखडलेले राहणे, एखादे बोट पूर्णपणे सुजणे, टाच दुखणे ही त्याची लक्षणे आहेत. ‘वय झाले, सांधे दुखायचेच’ म्हणून हे दुखणे अंगावर काढले, तर सांध्यांची कायमची हानी होऊ शकते. शिवाय हा संधिवात असेल तर औषधाची निवडच बदलते.

आजार किती पसरला आहे, हे मोजण्याची एक सोपी रीत आहे. रुग्णाचा स्वतःचा बोटांसह तळहात म्हणजे शरीराच्या त्वचेचा सुमारे १ टक्का. सर्व चट्टे मिळून तीन तळहातांहून कमी असतील तर आजार सामान्यतः सौम्य, तीन ते दहा तळहात म्हणजे मध्यम आणि त्याहून अधिक असेल तर तीव्र मानतात. मात्र तळहात, तळपाय, चेहरा किंवा गुप्तांगावर थोडेच चट्टे असले, तरी जगणे कठीण होते. अशा वेळी क्षेत्रफळ कमी असूनही उपचार अधिक नेटाने करावे लागतात.

त्वचेवर लावण्याची औषधे

सौम्य आजारात बहुतेकांचे काम लावण्याच्या औषधांनीच भागते. त्यांचा पाया आहे साधा स्निग्धपणा. पेट्रोलियम जेली, लिक्विड पॅराफिन असलेले मलम किंवा खोबरेल तेल यांपैकी जे परवडेल व मानवेल ते कोमट पाण्याने अंघोळ झाल्यावर, अंग हलकेच टिपून, त्वचा किंचित ओलसर असतानाच लावावे. याने आजार जात नाही. परंतु खाज आणि भेगा कमी होतात आणि पुढचे औषध अधिक चांगले काम करते.

त्यानंतर येतात स्टेरॉइडची मलमे. त्यांचे नाव ऐकून घाबरण्याचे कारण नाही, तशीच ती मनाने वापरत राहण्याचीही सोय नाही. योग्य तीव्रतेचे मलम, सांगितलेल्या जागी, ठरावीक दिवस लावल्यास उत्तम गुण येतो. महिनोन्महिने लावत राहिल्यास वृद्धांची मुळातच पातळ असलेली त्वचा आणखी विरते, साध्या धक्क्याने काळेनिळे डाग पडतात. चेहरा, काखा व जांघ येथे तीव्र स्टेरॉइड टाळतात. तिथे टॅक्रोलिमससारखे मलम दिले जाते. मलम किती घ्यावे? तर्जनीच्या टोकाच्या पेरावर नळीतून काढलेली मलमाची रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते आणि ती दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते.

कॅल्सिपोट्रिऑल हे ‘ड’ जीवनसत्त्वाच्या जातकुळीचे मलम त्वचा पातळ करत नाही, त्यामुळे दीर्घकाळ वापरायला सोयीचे असते. ते आठवड्याला १०० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये. अन्यथा रक्तातील कॅल्शियम वाढू शकते. सॅलिसिलिक ॲसिड जाड पापुद्रे सोडवते, परंतु ते कॅल्सिपोट्रिऑलबरोबर एकाच वेळी लावल्यास नंतरचे औषध निकामी होते. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी सॅलिसिलिक ॲसिड मोठ्या भागावर लावू नये. कोलटार हे शतकाहून जुने औषध आजही वापरात आहे. त्याला वास येतो, कपड्यांना डाग पडतात. पण टाळूसाठी कोलटारचा शाम्पू उपयोगी पडतो.

प्रकाशोपचार

चट्टे अंगभर असतील, पोटातील औषधे मानवण्यासारखी नसतील, तर प्रकाशोपचार हा उतारवयातला फार चांगला पर्याय आहे. त्याचा यकृतावर किंवा मूत्रपिंडावर ताण पडत नाही आणि चालू औषधांशी त्याचा फारसा झगडा होत नाही. ३११ नॅनोमीटर तरंगलांबीची अतिनील किरणे सोडणाऱ्या दिव्यांच्या कक्षात रुग्णाला काही सेकंदांपासून काही मिनिटांपर्यंत उभे केले जाते. आठवड्यातून दोन-तीन वेळा, साधारणपणे वीस-तीस बैठका लागतात.

अडचण येते ती व्यवहाराची. आठवड्यातून तीनदा रुग्णालयात कोण नेणार? कक्षात तोल सांभाळून उभे राहता येईल का? चट्टे थोड्या भागावर असतील तर हातात धरण्याचे लहान उपकरण वापरता येते. ते घरी वापरायचे झाल्यास मात्रा डॉक्टरांनीच ठरवून द्यावी. रक्तदाबासाठी दिली जाणारी काही लघवी वाढवणारी औषधे आणि डॉक्सिसायक्लिनसारखी काही प्रतिजैविके त्वचेला प्रकाशाबाबत हळवी करतात, म्हणून औषधांची पूर्ण यादी आधी दाखवावी. त्वचेच्या कर्करोगाचा पूर्वेतिहास असल्यास तेही सांगावे. उपचाराच्या वेळी डोळ्यांना संरक्षक चष्मा हवाच. भर दुपारच्या उन्हात तासन्‌तास बसणे हा याला पर्याय नव्हे. भाजलेल्या त्वचेवर सोरायसिस उलट नव्याने उमटतो.

पोटात घेण्याची औषधे

मेथोट्रेक्सेट हे या गटातील जुने, स्वस्त आणि भरवशाचे औषध. सांध्यांनाही त्याचा उपयोग होतो. परंतु या औषधाबाबत एक गोष्ट घरातील प्रत्येकाने मनावर कोरून ठेवावी : सोरायसिससाठी मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही. विसराळूपणामुळे, चिठ्ठी नीट न वाचल्यामुळे किंवा रोजच्या गोळ्यांच्या डबीत हीही गोळी भरल्यामुळे ती रोज घेतली गेली, तर अस्थिमज्जेचे काम मंदावते, तोंड व आतडी सोलवटतात आणि जीवावर बेतू शकते.

यासाठी आठवड्याचा एक वार कायमचा ठरवावा. चिठ्ठीवर आणि डबीवर त्या वाराचे नाव ठळक मराठी अक्षरांत लिहावे. ही डबी रोजच्या गोळ्यांपासून वेगळी, शक्यतो काळजी घेणाऱ्या व्यक्तीच्या ताब्यात असावी. सोबत दिल्या जाणाऱ्या फॉलिक ॲसिडच्या गोळीचे मेथोट्रेक्सेटशी दिसण्यात साम्य असू शकते, म्हणून दोन्ही एकाच डबीत ठेवू नयेत. गोळी दिली की दिनदर्शिकेवर खूण करावी. घेतली की नाही याची शंका आली, तर पुन्हा देऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

हे औषध मुख्यतः मूत्रपिंडांवाटे बाहेर पडते. त्यामुळे वृद्धांना ते कमी मात्रेत सुरू करतात आणि रक्तपेशी, क्रिएटिनिन व यकृताच्या तपासण्या ठरावीक अंतराने करतात. तब्येत उत्तम वाटत असली तरी या तपासण्या चुकवू नयेत. गुडघेदुखीवरच्या वेदनाशामक गोळ्या मनाने घेऊ नयेत. लघवीच्या संसर्गासाठी दिले जाणारे कोट्रायमोक्साझोल मेथोट्रेक्सेटसोबत धोकादायक ठरते. त्यामुळे कोणत्याही डॉक्टरांकडे गेलात तरी ‘मेथोट्रेक्सेट सुरू आहे’ हे पहिल्यांदा सांगावे. जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी कमी झाले असेल, तर त्या आठवड्याची मात्रा घेण्यापूर्वी डॉक्टरांशी बोलावे. मद्य पूर्णपणे वर्ज्य. तोंडात फोड, ताप, अंगावर निळे डाग, कोरडा खोकला, धाप किंवा कावीळ दिसली, तर गोळी थांबवून त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. वेळेत पोहोचल्यास फोलिनिक ॲसिड हा उतारा देता येतो.

ॲसिट्रेटिन प्रतिकारशक्ती दडपत नाही, ही त्याची जमेची बाजू. तळहात-तळपायांच्या सोरायसिसमध्ये ते विशेष उपयोगी पडते. ओठ व डोळे कोरडे पडतात, रक्तातील चरबी वाढू शकते. सोबत ‘अ’ जीवनसत्त्वाच्या गोळ्या घेऊ नयेत. सायक्लोस्पोरिनचा गुण लवकर येतो, पण ते रक्तदाब वाढवते व मूत्रपिंडावर ताण आणते, म्हणून उतारवयात ते जपून आणि थोड्याच काळासाठी वापरले जाते. ॲप्रेमिलास्टसाठी वारंवार रक्ततपासणी लागत नाही. मात्र सुरुवातीला जुलाब, मळमळ आणि वजन घटणे संभवते. आधीच अशक्त असलेल्या रुग्णाचे वजन दर पंधरा दिवसांनी करावे आणि मन उदास वाटू लागल्यास डॉक्टरांना कळवावे.

बायोलॉजिक इंजेक्शने

दाह पेटवणाऱ्या नेमक्या रेणूंना अडवणारी ही औषधे. ॲडालिमुमॅब, सेक्युकिनुमॅब ही त्यांतली परिचित नावे. इटोलिझुमॅब हे औषध २०१३ मध्ये भारतात वापरात आले. तीव्र आजारात त्यांनी अनेकांची त्वचा जवळजवळ स्वच्छ होते आणि केवळ वय जास्त आहे म्हणून ती नाकारण्याचे कारण नाही. मात्र आपल्या देशात क्षयरोगाचे जंतू अनेकांच्या शरीरात सुप्तावस्थेत असतात आणि यांपैकी काही औषधांमुळे ते जागे होऊ शकतात. म्हणून सुरुवातीपूर्वी छातीचा एक्स-रे, सुप्त क्षयाची चाचणी आणि कावीळ ‘ब’ व ‘क’च्या तपासण्या करतात. हृदयाची कार्यक्षमता खालावलेली असेल तर काही इंजेक्शने टाळावी लागतात. फ्लू व न्यूमोनियाच्या लशींविषयी उपचार सुरू होण्यापूर्वीच विचारून घ्यावे. खर्च मोठा आणि दीर्घकाळचा असतो. मध्येच पैशाअभावी थांबण्यापेक्षा वर्षभराचा हिशेब आधी मांडून मग निर्णय घ्यावा.

‘मुळापासून बरा करू’ म्हणणाऱ्यांपासून सावध

सोरायसिस काबूत ठेवता येतो, वर्षानुवर्षे शांत राहू शकतो; पण तो कायमचा नाहीसा करणारे औषध आज कोणत्याही उपचारपद्धतीकडे नाही. ज्या पुडीवर घटकांची नावे नाहीत, त्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असू शकते. अशा पुड्यांनी किंवा स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी आठवड्यात त्वचा स्वच्छ होते, घरात पेढे वाटले जातात. आणि औषध थांबताच आजार दुप्पट वेगाने उसळतो. कधीकधी सर्वांग लाल होते किंवा पूयुक्त फोडांनी भरते. आयुर्वेदिक वा होमिओपॅथिक उपचार घ्यायचे असल्यास नोंदणीकृत वैद्य-डॉक्टरांकडूनच, लिखित चिठ्ठीसह घ्यावेत. तसे करताना चालू औषधे अचानक बंद करू नयेत आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांच्या उपचारांची कल्पना द्यावी.

उलट दिशेचीही एक गोष्ट लक्षात असू द्या. लिथियम, रक्तदाब-हृदयविकारासाठीची बीटा-ब्लॉकर औषधे, क्लोरोक्विन यांमुळे काहींचा सोरायसिस वाढतो. चट्टे वाढण्याआधी कोणते नवे औषध सुरू झाले, हे आठवून डॉक्टरांना सांगावे. हृदयाची गोळी मात्र आपल्या मनाने बंद करू नये.

आहार आणि पथ्य

वांगे बंद, दही बंद, मासे बंद, आंबट बंद, असे करत करत वृद्धांच्या ताटात फक्त वरणभात उरतो. अशा सरसकट पथ्याने सोरायसिस बरा होतो, याला आधार नाही. तीव्र आजारात पापुद्र्यांवाटे प्रथिनेही जातात, त्यामुळे डाळी, दूध, अंडी, मासे यांची गरज वाढतेच. एखाद्या पदार्थाने त्रास वाढतो असा स्वतःचा ठाम अनुभव असेल, तर तेवढाच टाळावा. वजन जास्त असल्यास ते कमी केल्याने मात्र खरोखर लाभ होतो. विडी-सिगारेट व मद्य सोडल्यानेही फरक पडतो. या आजारात हृदयविकार आणि मधुमेहाचा धोका अधिक असतो, म्हणून रक्तदाब, साखर व कोलेस्टेरॉल नियमित तपासावे.

काळजी घेणाऱ्यांसाठी

• पाठीला, टाळूला आणि तळपायांना मलम लावून देणे हे आपले मुख्य काम. दिवसातली एक वेळ ठरवा. मलम लावल्यावर हात साबणाने धुवा. औषधी मलम लावताना हातमोजे घालणे उत्तम.

• तेल किंवा मलम लावलेले पाय घसरतात. ते अंघोळीच्या जागी लावू नका. खोलीत, खुर्चीवर बसवून लावा आणि नंतर सुती मोजे घाला.

• मलम मुरलेले कपडे, चादरी चटकन पेट घेतात, धुतल्यावरही त्यांत अंश राहतो. समई, उदबत्ती, गॅसची शेगडी आणि विडी यांपासून रुग्णाला दूर बसवा.

• वज्री, खरखरीत उटणे, घासणी वापरून पापुद्रे खरवडू नका. जिथे त्वचा दुखावते, तिथे नवा चट्टा उमटू शकतो. नखे आखूड ठेवा, कपडे सुती व सैल असू द्या.

• रात्रीची झोप, भूक आणि बोलणे यांकडे लक्ष द्या. लग्नकार्य टाळणे, आरशात न पाहणे, ‘आता माझे काय राहिले’ असे म्हणणे ही नैराश्याची चिन्हे असू शकतात. डॉक्टरांना सांगा, त्यावरही उपचार आहेत.

ताबडतोब रुग्णालयात केव्हा न्यावे?

बहुतांश त्वचा लाल होऊन सोलवटली, थंडी वाजून अंग कापू लागले, पाय सुजले, ताप आला किंवा अंगावर पूयुक्त फोड उठले, तर वाट पाहू नये. अशा अवस्थेत त्वचेतून पाणी व उष्णता झपाट्याने जाते आणि वृद्धांच्या हृदयावर व मूत्रपिंडांवर त्याचा ताण येतो.

पुढच्या भेटीला जाताना

सर्व औषधांची वेष्टने एका पिशवीत घालून न्या, मधुमेहाच्या गोळ्यांपासून डोळ्यांच्या थेंबांपर्यंत. चट्ट्यांची छायाचित्रे तारखेसह जवळ ठेवा. डॉक्टरांना चार प्रश्न विचारा : हे औषध का निवडले? गुण यायला किती आठवडे लागतील? कोणत्या तपासण्या, केव्हा करायच्या? आणि कोणते लक्षण दिसले तर थांबायचे? लावण्याच्या औषधांना काही आठवडे आणि मेथोट्रेक्सेटला दोन-तीन महिने द्यावे लागतात. त्याआधी ‘गुण नाही’ म्हणून डॉक्टर बदलत राहिल्यास प्रत्येक वेळी पहिल्यापासून सुरुवात होते.

पूर्ण स्वच्छ त्वचा हेच प्रत्येकाचे उद्दिष्ट असायला हवे, असेही नाही. रात्री खाजेविना झोप लागावी, पायात चप्पल घालून देवळापर्यंत चालत जाता यावे, चारचौघांत अर्ध्या बाह्यांचा सदरा घालून बसता यावे, एवढे कोणाला पुरेसे वाटेल. आपल्याला नेमके काय हवे, हे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगा. औषधाची निवड त्यावरही ठरते.